सरीतून जाणारी गाडी

गाडी यार्डात येऊन थांबली, माणूस उतरला आणि मागं न बघता त्यानं हातातल्या किल्लीचं बटण दाबलं. टक् करून चारी दारं बंद झाली. आत मागच्या सीटवर त्याची बायको होती आणि तिच्या मांडीवर तीन-चार वर्षांची पोरगी.

"वहिनींना खाली येऊ द्या की, साहेब. चहा सांगतो," मी म्हणालो.

"बसू दे तिला. गाड्यांतलं काय कळतंय?"

ही सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापुरातून राधानगरीकडं जाणाऱ्या रस्त्याला माझं जुन्या गाड्यांचं यार्ड तेव्हाही होतं, आणि तेव्हाही मी गाडीच्या आधी माणूस बघत होतो. गाडी वर्षभर उभी राहिली तरी तीच असते. माणूस फाटकापासून माझ्या टेबलापर्यंत येईतो तीनदा बदलतो. फाटकात त्याला काहीच घ्यायचं नसतं, निम्म्या वाटेवर नुसतं बघायचं असतं, आणि खुर्चीला पाठ टेकली की दर ऐकायची घाई झालेली असते. या अंतरावर माझा संसार चालला आहे.

अभिजित खराडे मात्र फाटकातून थेट कोपऱ्यातल्या जीपपाशी गेला. जीप हिरवी, कापडी टपाची, वयानं माझ्या थोरल्या मुलाएवढी. गगनबावड्याकडच्या एका खाणमालकाच्या पोरांनी बाप गेल्यावर माझ्या गळ्यात घातलेली. पत्रा असा की बुक्की मारली तर हातच दुखावा. चारी चाकांना जोर मिळायचा, इंजिन ठणठणीत होतं. क्लच प्लेट तेवढी संपत आली होती, पण विचारल्याशिवाय असलं काही सांगायचं नाही असा आमच्या धंद्याचा शिरस्ता, आणि विचारत कुणी नाही. गिऱ्हाईक टायरला लाथ मारतं, हॉर्न वाजवतं आणि स्वतःला जाणकार समजतं.

खराड्यानं टायरला लाथ मारली. मग हॉर्न वाजवला.

"मामा, माझी नवी गाडी घ्या आणि ही द्या. वर काय देताय बोला."

मी आकडा सांगितला. त्यानं लगेच मान हलवली. इतक्या लवकर मान हलली की मला आनंदाच्या आधी संशय आला. दोन वर्षं वापरलेली, आपोआप गियर बदलणारी, काचेचं छप्पर उघडणारी पांढरी गाडी कुणी जुन्या जीपवर सोडत असेल तर त्याचं डोकं फिरलेलं असतं, नाही तर गाडी कुठंतरी आपटलेली असते. मी गाडीभोवती एक चक्कर मारली. कुठं आपटलेली नव्हती. काचेतून बाईनं माझ्याकडं बघितलं आणि नजर पोरीच्या केसांत घातली.

कारण मग त्यानंच सांगितलं. त्याच्या धंद्यातला कुणी डांगे होता. त्याच्याकडं असली जीप होती, तो रविवारी डोंगरात चिखलातून फिरवायचा आणि फोटो टाकायचा. आमदारापासून इंजिनिअरपर्यंत सगळे त्या फोटोंखाली अंगठे टाकायचे.

"हीच म्हणाली मला," त्यानं गाडीकडं मान उडवली. "म्हणाली, डांगे भावजी जीपमधून उतरले की कसे भारदस्त दिसतात, आपल्या गाडीत काय, डॉक्टर-वकील पण बसतात. एरवी तोंड उघडत नाही. पण बोलली ते खरं होतं."

चहा आला. खराडे रस्त्यांची कंत्राटं घ्यायचा. एका कामात त्याचं नाव अडकलं होतं, तेव्हापासून कंत्राट बायकोच्या नावावर, खडीचा क्रशर बायकोच्या नावावर, बंगला आणि गाड्याही तिच्याच. तो हे हसत सांगत होता.

"माझी बायको कोट्यधीश आहे, मामा. सहीपुरती."

म्हणूनच तिला बरोबर आणलं होतं. कागदांवर तिच्या सह्या लागणार होत्या, पांढरी गाडी द्यायलाही आणि जीप घ्यायलाही.

मग त्यानं मोबाइल काढून मला पांढऱ्या गाडीची करामत दाखवली. गाडी कुठं उभी आहे, किती चालली, कधी चालू झाली, कुठलं दार किती वाजता उघडलं, सगळं फोनवर. विकायच्या वस्तूची तारीफ माणूस करतोच. पण हा तारीफ करताना गाडीविषयी बोलत नव्हता.

"परवा ही म्हणाली, पोरीला दवाखान्यात नेलं. गाडी बघतोय तर दवाखान्यापासून दोन गल्ल्या पुढं, एसटी स्टँडाजवळ. विचारलं. म्हणते, पार्किंग मिळालं नाही." त्यानं चहाचा घोट घेतला. "त्या दिवसापासून किल्ली माझ्या खिशात."

"मग असली सोन्यासारखी गाडी सोडताय कशाला?"

तो माझ्याकडं झुकला. आवाज खाली केला, तरी त्यात गंमत होती.

"एका दगडात दोन कामं. मला जीप होते, आणि हिचं फिरणं बंद होतं. ती गाडी लहान पोर पण चालवेल. ही जीप बाईमाणसाच्या बापाला हलायची नाही. हिच्या लग्नाच्या बायोडाटात छंद म्हणून काय लिहिलं होतं ठाऊक आहे? विणकाम. सहा वर्षांत एक मोजा बघितला नाही मी."

मी हसलो. धंद्यात हसावं लागतं.

जीपची ट्रायल घ्यायची तर सगळेच एकदम डोंगरावर जाऊ, म्हणजे परत येऊन सह्या करता येतील, असं मी सुचवलं. त्यानं पांढऱ्या गाडीचं मागचं दार बाहेरून उघडलं. मी बघत होतो. दार उघडेपर्यंत त्या बाईनं आतल्या मुठीला हातसुद्धा लावला नाही. आपल्या गाडीत बसलेला माणूस गाडी थांबली की सवयीनं मुठीकडं हात नेतो, दार बंद असो की उघडं. हिची ती सवय गेली होती.

"या, वहिनी. नाव काय पोरीचं?"

"ओवी," ती म्हणाली. स्वतःचं नाव तिनं सांगितलं नाही. ते मी नंतर कागदावर वाचलं: वैजयंता.

जीप सुरू करताना मी एक चूक केली. जुन्या गाडीचं कुलूप झिजलेलं असतं, त्यात काहीही फिरतं. गिऱ्हाइकाला हसवायला म्हणून मी टेबलाच्या ड्रॉवरची किल्ली घालून जीप चालू करून दाखवली. खराडे हसला. पण हसून झाल्यावर त्याच्या कपाळावर एक आठी राहिली, आणि ती डोंगर लागेपर्यंत मिटली नाही.

राधानगरीच्या बऱ्याच अलीकडं डाव्या हाताला एक खडीचा रस्ता डोंगरावर चढतो. ट्रायलसाठी मी गिऱ्हाइकांना तिथंच नेतो. खराडे चालवायला, मी त्याच्या शेजारी, आणि मागं आडव्या बाकावर ती पोरीला घेऊन. मी अंग तिरकं करून बसलो होतो, एक डोळा त्याच्या हातांवर आणि एक मागं, पोरगी पडू नये म्हणून.

पहिल्याच वळणावर त्यानं गियर खरडला. असल्या जीपला खालचा गियर टाकायचा तर क्लच दोनदा दाबावा लागतो. एकदा दाबून गियर मोकळा करायचा, जरा रेस द्यायची, पुन्हा दाबून मग टाकायचा. मी त्याला सांगितलं. त्यानं ऐकलं आणि तरीही एकदाच दाबला. दात करकरले. गाडी बंद पडली, मागं सरकली, त्यानं ब्रेकवर उभा राहून शिवी दिली. पुन्हा चालू, पुन्हा करकर. क्लच प्लेटचा जळका वास आला तेव्हा मी पटकन डोंगरावरच्या गारव्याचं कौतुक सुरू केलं.

ते कौतुक करता करता माझं लक्ष खाली गेलं. बाईनं चपला काढून ठेवल्या होत्या. पोरगी तिच्या छातीशी होती, चेहरा बाहेर दरीकडं होता, आणि डावा पाय पत्र्यावर दाबला जात होता. एकदा. सुटला. उजव्या पायाचा चवडा किंचित खाली. डावा पुन्हा. मग तिच्या नवऱ्याचा गियर करकरला. तिचा केव्हाच पडला होता.

पुढच्या वळणावर मी नीट बघितलं. तेच. वळण यायच्या आधीच तिचा पाय तयार. असं पाऊल एक-दोन महिन्यांच्या शिकवणीनं येत नाही. उतारावर दुधाचे कॅन नाही तर माणसं भरून, पावसापाण्यात, वर्षानुवर्षं जीप ओढलेल्या माणसाचं ते पाऊल होतं.

मी मान वर केली. ती माझ्याकडं बघत होती. मी कुठं बघत होतो ते तिनं बघितलं होतं. तिनं हळूच दोन्ही पाय चपलांत घातले.

वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाटीला पोचल्यावर खराडे खाली उतरला आणि फोनला रेंज शोधत कड्याकडं चालू लागला. ती बाकावरून हलली नाही. म्हणाली, "मामा, ही सरी-वरंब्यातून जाते का?"

सरी-वरंबा म्हणजे ऊस लावायला पाडलेली नांगरटीची चर आणि तिच्या बाजूचा मातीचा उंचवटा. आमच्याकडं तो घरोघर ठाऊक. पण जीप घेताना आजवर कुणी विचारला नव्हता.

"ऊस उभा असला तर नाही," मी म्हणालो. "तुटून गेला असेल आणि रान वाळलं असेल तर आडवीसुद्धा जाते. चारी चाकं लावायची."

"त्याचा छोटा दांडा पुढं."

"पुढं," मी म्हणालो.

खराडे परतताना दिसला. तिनं ओवीचं टोपडं सारखं केलं आणि नवऱ्याकडंच बघत, ओठ फारसे न हलवता म्हणाली, "हा व्यवहार मोडू देऊ नका."

माझ्या उभ्या धंद्यात गिऱ्हाइकानं मला असं सांगितलेलं नव्हतं. गिऱ्हाईक नेहमी मोडायची धमकी देतं. मलाही तो मोडायचा नव्हता. असला सौदा दहा वर्षांत एकदा येतो. पण तिचा न मोडण्यातला फायदा कुठला, ते मला अजून दिसत नव्हतं, आणि समोरच्याचा फायदा दिसला नाही की मला जेवण गोड लागत नाही.

"काय विचारत होती?" खराड्यानं विचारलं.

"सरीतून जाते का म्हणत होत्या," मी म्हणालो. लपवलं असतं तर वाईट दिसलं असतं.

तो खूप हसला. "आता काय नांगर धरणार आहेस? महिनाभर हिचं तेच चाललंय, मामा. बंगल्याच्या मागं ऊस आहे आमचा. रोज विचारते, तोड कधी येणार, तोड कधी येणार. उसाला साप येतात म्हणते." मग तिच्याकडं वळून, लहान पोराला सांगावं तसं म्हणाला, "गेला की आता ऊस कारखान्याला. आता कुठला साप?"

"नाही," ती म्हणाली. "आता नाही."

यार्डात आल्यावर मी कागद पसरले, आणि त्याच्या कपाळावरची ती आठी परत आली.

"मामा, एक खटकतंय. ड्रॉवरच्या किल्लीनं चालू होते म्हणजे कुणीपण चालू करेल."

"कुलूप बदलून देतो."

"कुलूप बदललं तर किल्ली घरात पडणार. किल्लीला काय पाय फुटतात." तो बोलताना माझ्याकडं बघत होता, पण बोलत दुसऱ्याच कुणाशी होता. "राहू दे. विचार करून सांगतो. तोपर्यंत माझीच गाडी बरी, निदान फोनवर दिसते तरी."

त्यानं खुर्ची मागं सारली. बाई टेबलाच्या पलीकडं उभी होती, पेन हातात. तिनं पेन खाली ठेवलं नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली. मी तोंड उघडलं ते तिच्यासाठी की माझ्या फायद्यासाठी, हे मला त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मी फायद्यासाठी असंच म्हणालो असतो.

"लपवलेलं बटण बसवतो, साहेब. ते दाबून धरल्याशिवाय किल्ली फिरवली तरी स्टार्टर ढिम्म हलणार नाही. जागा तुम्ही सांगायची. तुम्हाला ठाऊक आणि मला ठाऊक."

"बस्स? दोघांनाच?"

"तिसऱ्याला नाही."

तो परत बसला. "हे बरं झालं," म्हणाला. "ऐकलंस का गं? आता चोरीची भीती नाही."

तिनं सह्या केल्या. जिथं जिथं मी बोट ठेवलं तिथं, न वाचता, एकसारख्या. सौदा मोडता मोडता वाचला होता. तो वाचवताना मीच तिच्या तोंडावर दार लावलं होतं, आणि हे आम्हा दोघांनाही कळलं होतं.

एरवी कागदावर नवं नाव चढवायला मी गिऱ्हाइकाला महिने महिने थांबवतो. या जीपचं आठवड्यात चढवून घेतलं. का ते विचारू नका. हात रिकामे होते म्हणा.

बटण मी माझ्या हातानं बसवलं. खराडे शेजारी उभा राहून बघत होता. स्टेअरिंगच्या खांबाच्या डाव्या अंगाला, खालच्या पत्र्याच्या आत, वायरींच्या गुंडाळीमागं. वाकून बघितलं तरी दिसायचं नाही, बोटानंच सापडावं. त्याला ते इतकं आवडलं की त्यानं चार-पाच वेळा दाबून गाडी चालू केली.

शुक्रवारी जीप पोचवायला मी त्याच्या बंगल्यावर गेलो. गावाबाहेर, एकटा बंगला. पुढं उंच फाटक, फाटकाशी खुर्ची टाकून रखवालदार, वर कॅमेरा. मी आत शिरताना रखवालदारानं खराड्याला फोन लावून विचारलं, आणि खराडे समोरच पायरीवर उभा होता. असा तो हुकूम होता: फाटक हललं की फोन.

मागच्या बाजूला मात्र भिंत नव्हती. तारेचं कुंपण, त्यालाही एक मोठं भगदाड, तोडलेला ऊस बाहेर काढायला पाडलेलं. पलीकडं रिकामं रान, सरी आणि वरंबे, वाळलेला पाला, शेवटी गुडघाभर उंचीचा बांध आणि बांधापलीकडं पाणंद, शेतांमधली गाडीवाट. पांढरी गाडी त्या पहिल्या सरीतच पोट टेकून बसली असती.

मी जीपकडं बघितलं. मग तिचा तो प्रश्न आठवला, आणि डोंगरावर न दिसलेला तिचा फायदा मला उन्हात स्वच्छ दिसला. एसटी स्टँडाजवळची गाडी. ऊस कधी तुटणार. डांगे भावजी कसे भारदस्त दिसतात. माणसं ओळखतो म्हणून मी उगाच फुशारत होतो; या बाईनं नवऱ्याला आणि मला एका दावणीला बांधून जीप आपल्या दारात आणवली होती. सगळं जमलं होतं. एक बटण सोडून.

ती पूजेचं ताट घेऊन बाहेर आली. हळद, कुंकू, नारळ, पेढे, चाकाखाली ठेवायला लिंबं. नवी असो की जुनी, आमच्याकडं गाडीची पूजा घरच्या सवाष्णीनंच करायची. खराड्यानं पांढरा शर्ट घातला होता, काळा चष्मा लावला होता. त्यानं रखवालदाराच्या हातात फोन दिला, बंपरवर एक पाय ठेवला आणि छाती काढून उभा राहिला.

"जीप पूर्ण आली पाहिजे," तो म्हणाला. "आणि मी पण."

रखवालदार मागं मागं सरकत गेला. ती चाकांना कुंकू लावत फिरली. बॉनेटला स्वस्तिक काढलं. ताट घेऊन बाजूला होणार, तेवढ्यात मी म्हणालो, "वहिनी, स्टेअरिंग राहिलं."

ती दारापाशी आली. दार म्हणजे कापडाचा पडदाच. मी तिच्या हातातलं ताट घेतलं. तिनं स्टेअरिंगला हळदकुंकू लावलं.

"आणि आत एक बोट," मी म्हणालो. "आमच्या यार्डाची रीत आहे. त्याशिवाय मी चावी देत नाही."

"आत कुठं?" खराड्यानं पुढून विचारलं. मान न वळवता. फोटो चालला होता.

"आत, पत्र्याला. गाडीचा जीव आत असतो, साहेब. आतापर्यंत माझी एकही गाडी कुंकू लावल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात गेली नाही."

अशी कुठलीच रीत नव्हती. त्या क्षणी घडवली.

"लावून टाक बाई," तो म्हणाला. "चष्मा काढून एक घे रे."

मी एका हातात ताट धरलं होतं. दुसऱ्या हातानं स्टेअरिंगच्या खांबावर टिचकी मारली, आणि बोट खाली, डावीकडं, पत्र्याच्या आत नेऊन थांबवलं. मग काढून घेतलं. ती वाकली. कुंकवाचं बोट आत गेलं. वायरींपाशी घुटमळलं. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मान आणि खांदा.

मग बटण आत गेलं आणि वर आलं. त्याचा आवाज होत नाही. मला तिच्या खांद्यावरून कळलं.

ती लगेच उठली नाही. ओढणीचं टोक घेऊन तिनं आत काहीतरी पुसलं. मग ताटात पुन्हा बोट बुडवलं आणि पत्र्याच्या बाहेरच्या कडेवर, कुणालाही दिसेल असं, चांगलं रुपयाएवढं कुंकू लावलं. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बटणावर लाल ठसा राहिला असता तर संध्याकाळपर्यंत सगळं फुटलं असतं.

"झालं?" खराडे आला. त्यानं पत्र्यावरचं कुंकू बघितलं, आत वाकून बटणाची जागा चाचपली, बोट बाहेर काढून बघितलं. कोरडं होतं. "छान," म्हणाला. "पेढा द्या मामांना."

तिनं पेढा माझ्या हातावर ठेवला. ओवी तिच्या मागं उभी राहून जीपकडं बघत होती.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी खराडे मजुरांच्या टेंपोतून यार्डात आला. शर्ट चुरगळलेला. मी खुर्ची पुढं केली.

तो बसला नाही. त्यानं सांगितलं ते तुटक होतं. आदल्या दिवशी भर दुपारी तो क्रशरवर असताना रखवालदाराला मागून आवाज आला. फाटक हललं नव्हतं, म्हणून त्यानं फोन केला नाही. धावत मागं जाऊन बघेतो जीप निम्मं रान ओलांडून गेली होती, आडवी, एकेक वरंबा चढत-उतरत. पोरगी पुढच्या सीटवर साडीनं बांधलेली. बांधापाशी जीप थांबली, जरा मागं आली आणि चढून गेली.

"चालवत कोण होतं?" मी विचारलं.

"तीच," तो म्हणाला. हे सांगताना त्याच्या तोंडावर राग कमी आणि भलतंच काहीतरी जास्त होतं. "ती कशी चालवेल, मामा? तुम्ही बघितलंय ना. मला डोंगरावर गियर पडत नव्हता."

"तेच म्हणतोय मी."

"आणि बटण? बटण कुणाला ठाऊक होतं? तुम्हाला आणि मला."

"मग मी नेली म्हणा. यार्ड उघडं आहे, बघून घ्या."

त्यानं यार्ड बघितलं. खरोखर फिरून बघितलं. मी चहा सांगितला. परत आला तेव्हा तो खुर्चीवर बसला आणि चौकीतली हकिगत आपणहून बोलला. गाडी चोरीला गेली म्हणून तक्रार द्यायला गेला होता. हवालदारानं कागद मागितले, वाचले, पुन्हा वाचले.

"म्हणाला, जीप वैजयंता अभिजित खराडे यांची. नेली कुणी? वैजयंता अभिजित खराडे यांनी. मग मी चोर म्हणून कुणाला लिहू?" खराड्यानं चहा तसाच ठेवला. "सगळे हसले तिथं."

मी हसलो नाही. धंद्यात कधी कधी हसायचं नसतं.

"नाव इतक्या लवकर कसं चढलं?" त्यानं जाता जाता विचारलं.

"तुमचंच काम होतं, साहेब. पुढं ढकललं असतं तर तुम्हीच रागावला असता."

पुढं त्याचं काय झालं त्याचा हिशेब मी ठेवला नाही. बंगला आणि क्रशरही तिच्याच नावावर होते, त्यामुळं बरीच वर्षं तो वकिलांच्या पायऱ्या चढत होता एवढं कानावर आलं. माणसं पाठवून तिला माघारी आणवणं त्याच्या हातात होतं, पण सह्या तिच्या हातात होत्या. त्याच्या कुणीतरी शहाण्यानं त्याला ते समजावलं असावं.

दोन वर्षांनी गारगोटीच्या आठवडी बाजारात मी एका टेंपोच्या कामाला गेलो होतो. बाजाराच्या कडेला हिरवी जीप उभी. मागं दुधाचे कॅन. टप नवा होता, बाकी माझ्या ओळखीचं सगळं. चालवायच्या जागेवर ती बसली होती, अनवाणी, आणि शेजारी ओवी चुरमुरे खात होती.

"मामा," तिनंच हाक मारली.

मी जवळ गेलो. गिऱ्हाइकासारखी टायरला लाथ मारली. ती हसली. पहिल्यांदाच बघितलं मी तिला हसताना.

तिनं सांगितलं, डोंगरातल्या वाडीवर तिच्या वडलांची अशीच जीप होती. वडलांचे डोळे अधू झाल्यावर दूध खाली डेअरीपर्यंत तीच आणायची, लग्न ठरेपर्यंत. बायोडाटा मामानं लिहिला होता, सख्ख्या मामानं.

"जीप लिहिली असती तर पोहे खायला कोण आलं असतं?" ती म्हणाली. "म्हणून विणकाम लिहिलं. मला सुई धरता येत नाही."

पत्र्याच्या कडेवर कुंकवाचं बोट होतं. जुनं नव्हतं, त्याच जागी नव्यानं लावलेलं.

"बटण आहे अजून?"

"आहे की. तुमच्या यार्डाची रीत मोडायची कशाला?" मग तिनं क्लचवर पाय ठेवला, उचलला आणि तोंड वाकडं केलं. "प्लेट गेलीय, मामा."

"जुनी गाडी म्हटल्यावर जायचीच की."

"तेव्हाच गेली होती. पहिल्या वळणावर वास आला होता मला."

मी ओशाळून कॅनांकडं बघत राहिलो. "मग बोललात का नाही?"

तिनं डावा हात खांबाखाली नेला, किल्ली फिरवली आणि इंजिन सुरू झालं.

"तुम्ही तरी कुठं बोललात?" ती म्हणाली.